गरम झाल्यावरच गिअर का अडकतो?

प्रश्न : आमची ऑटोमॅटिक गाडी सकाळी आलापल्लीहून निघताना झकास चालते. आष्टी, गोंडपिपरी करत चंद्रपूर गाठेपर्यंत कधीतरी झटका बसतो, गिअर एकाच जागी अडकतो आणि इंजिनचा दिवा लागतो. गाडी बंद करून चहा घेतला की पुन्हा ठीक. गॅरेजमध्ये नेली की काहीच सापडत नाही. एक मेकॅनिक म्हणतो शिफ्ट सोलेनॉइड गेला, दुसरा म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, आलापल्ली

उत्तर : तूर्त दोघांचेही नको. तुमची गाडी टॉर्क कन्व्हर्टरची आहे असे धरून सांगतो. एएमटीची तपासणी वेगळी.

धानाच्या बांधीत पाटाचे दार उघडझाप करून पाणी वळवतात, तसे गिअरबॉक्समधले ऑइल सोलेनॉइड वळवतो. तांब्याच्या तारेची कॉइल, मध्ये सरकणारा छोटा दांडा, एवढाच हा भाग. विजेच्या जोडणीत बिघाड दिसला की गिअरबॉक्सचा संगणक बहुधा सगळ्याच सोलेनॉइडची वीज तोडतो आणि गाडी एकाच गिअरवर, अनेकदा तिसऱ्यावर, चालत राहते. यालाच लिंप मोड म्हणतात. गिअरबॉक्स वाचावा म्हणून केलेली ही सोय आहे.

आता तुमचा चहा. त्या वेळात दोन गोष्टी घडतात : चावी फिरल्याने संगणक नव्याने तपासणी करतो आणि कॉइल निवते. यातले कशाने बरे वाटले, हे कळायला हवे. पुढच्या वेळी सुरक्षित जागी थांबा, गाडी बंद करून लगेच सुरू करा. थोड्याच अंतरावर पुन्हा अडकली, तर संशय उष्णतेवर. बराच वेळ नीट चालून एखाद्या खड्ड्यात अडकली, तर सैल जोडणीवर.

गॅरेजमध्ये दोष का दिसत नाही, तेही यातच आले. रात्रभर उभी राहिलेली गाडी दोन किलोमीटर फिरवून गिअरबॉक्सचे ऑइल तापत नाही. लांबच्या प्रवासात ते सहज ८०-९० अंशांवर जाते; मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर असताना लोहखनिजाच्या ट्रकांमागे रांगत गेलात, तर त्याहूनही वर. म्हणून मेकॅनिकला शेजारी बसवा, स्कॅनर जोडा आणि गाडी तापेपर्यंत चालवा. संगणकाने मागितलेला गिअर, प्रत्यक्ष पडलेला गिअर आणि ऑइलचे तापमान, तिन्हींवर नजर ठेवा.

त्याआधी नोंदलेला कोड वाचून घ्या. पी ०७५३ म्हणजे ‘ए’ सोलेनॉइडच्या विजेच्या जोडणीत दोष : कॉइल, वायर किंवा कनेक्टर. पी ०७५१ म्हणजे हुकूम सुटला, पण गिअर बदलला नाही : अडकलेला व्हॉल्व्ह, घाण किंवा कमी ऑइल. दोन्ही कोड ‘सोलेनॉइड’ म्हणूनच वाचले जातात आणि तिथेच गल्लत होते. साधे स्वस्त स्कॅनर पुष्कळदा नुसता पी ०७०० दाखवतात. त्याचा अर्थ इतकाच, की खरी नोंद गिअरबॉक्सच्या संगणकात आहे. बॅटरीची तार कोणाला काढू देऊ नका. नोंद पुसली जाऊ शकते.

विजेचा कोड असेल तर मल्टिमीटर गाडी गरम असतानाच लावायचा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना १३ ओम दाखवणारी कॉइल ९० अंशांना साडेसोळा दाखवेल. तो दोष नव्हे. आकडा एकदम अनंतावर गेला, तर आतली तार तापल्यावर सुटते आहे. वायरिंग हलवल्यावर आकडा नाचला, तर कॉइल निर्दोष आणि दोष वायरीत. तुमची मूल्ये सर्व्हिस मॅन्युअलमधल्या कंपनीच्या मूल्यांशी ताडून पाहा.

यात एक फसवणूक होते. घरात धानाची पोती असतील तर उंदीर आलेच. कुरतडलेल्या वायरीचा एकच धागा शिल्लक असला, तरी मीटर ‘ठीक’ म्हणतो, कारण मीटरचा प्रवाह नगण्य असतो. अशा कॉइलला चालताना जवळपास एक ॲम्पिअर लागतो. त्या लोडला तो धागा पुरेलच असे नाही. म्हणून गिअरबॉक्सकडे जाणारी वायर हाताने चाचपा आणि कनेक्टर उघडून हिरवट गंज किंवा ओल दिसते का ते पाहा. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर हे आधी.

खर्चाचा क्रमही हाच ठेवा : आधी ऑइलची पातळी, रंग आणि जळका वास, मग कनेक्टर आणि वायर, मग सोलेनॉइड. गिअरबॉक्स खोलणे सर्वांत शेवटी.

भामरागडच्या वाटेवर गाडी अडकलीच, तर लिंप मोडमध्ये हळूहळू पुढे जाता येते. पण इंजिनच बंद पडले, तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका. गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली की आतले भाग कोरडे घासतात आणि काही शेकड्यांच्या वायरीचे प्रकरण अख्ख्या गिअरबॉक्सवर जाते. गाडी उचलूनच न्यायला सांगा.