देशाची मोजदाद आणि आमचा केसपेपर

जमाखर्च मांडताना आम्ही एक नियम कसोशीने पाळतो. पैसा ज्या सदरात खर्च झाला, त्याच सदरात तो दाखवायचा. रुग्णांच्या नोंदी करताना मात्र अमली पदार्थांच्या व्यसनाबाबत हा नियम आमच्याकडून पाळला गेला नाही. देशात या व्यसनाची मोजदाद कशी होते व अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णालयाचा तिच्याशी काय संबंध आहे, हे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या नातेवाइकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाची तीव्र जाणीव १९८०च्या दशकात झाली. ‘गर्द’च्या आहारी गेलेल्या तरुणांविषयी डॉ. अनिल अवचट यांनी लिहिले आणि १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. देशभरात असे लोक किती, याचा अंदाज मात्र सहजासहजी येत नाही. केळीचे घड मोजता येतात. व्यसन लपविले जाते. त्यामुळे निरनिराळी मापे वापरावी लागतात. घरोघर पाहणी केली जाते, पण घरातील माणसांसमोर खरे सांगणारे थोडे. एका व्यसनी व्यक्तीच्या ओळखीतून दुसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचले जाते. उपचारास आलेल्यांच्या नोंदी पाहिल्या जातात, पण न आलेले त्यात दिसत नाहीत. जप्त झालेल्या मालाचे आकडेही असतात. परंतु जप्ती वाढली म्हणजे सेवनच वाढले असे नव्हे, कारवाई वाढल्यानेही ती वाढते.

पहिली मोठी राष्ट्रीय पाहणी २०००-०१ मध्ये झाली व तिचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या घरोघर पाहणीत १२ ते ६० वयोगटातील सुमारे ४० हजार पुरुषांना प्रश्न विचारण्यात आले. त्यानंतर २०१८ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय केंद्राने दोन लाखांवर घरांतील १० ते ७५ वयाच्या सुमारे ४ लाख ७३ हजार स्त्री-पुरुषांची पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला.

पहिल्या पाहणीत अफूवर्गीय पदार्थ घेणारे ०.७ टक्के, तर दुसरीत सुमारे २.१ टक्के आढळले. प्रमाण तिप्पट झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पहिल्या पाहणीने गेल्या एका महिन्यातील सेवन धरले होते, दुसरीने गेल्या बारा महिन्यांतील. दारूबाबत उलटा भास होतो. २१.४ टक्क्यांवरून आकडा १४.६ टक्क्यांवर आला. पण पहिला आकडा फक्त पुरुषांचा होता. २०१८ मध्ये केवळ पुरुषांचे प्रमाण पाहिले तर ते २७.३ टक्के होते. दोन वर्षांचे ताळेबंद वेगवेगळ्या पद्धतीने मांडले असतील, तर नुसती बेरीज ताडून निष्कर्ष काढता येत नाही, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही जाणतो.

दुसऱ्या अहवालातील एक बाब आम्हांस अधिक अस्वस्थ करते. हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, तर औषध म्हणून मिळणारे अफूवर्गीय पदार्थ नशेसाठी घेणारे ०.९६ टक्के. म्हणजे हा प्रश्न दूरच्या महानगरातला नाही. तो औषधाच्या दुकानापर्यंत आलेला आहे. अशा अनेक औषधांची विक्री २०१४ पासून ‘एच-१’ नोंदवहीत डॉक्टर व रुग्णाच्या नावासह लिहिणे बंधनकारक आहे.

आमच्या अनुभवातील एक प्रसंग येथे नमूद करतो. केळीचे घड गाडीत भरताना कंबर धरलेला एक तरुण तिसऱ्यांदा आमच्याकडे आला. अंगदुखी, जुलाब, झोप नाही. डॉक्टरांनी त्यास एकांतात विचारले, तेव्हा कळले की कंबरेसाठी दिलेल्या गोळ्या तो कित्येक महिने चिठ्ठीविना विकत घेत होता आणि त्या मिळाल्या नाहीत की हा त्रास सुरू होई. वडील हात जोडून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कागदावर तेवढं लिहू नका. पोराची सोयरीक चालू आहे.” आम्ही त्याचे जुने केसपेपर काढून पाहिले. एकावर ‘अशक्तपणा’, दुसऱ्यावर ‘जुलाब’ असे लिहिलेले होते. दोष केवळ वडिलांचा नव्हता. आम्हीही विचारले नव्हते. देशाच्या कोणत्याही मोजणीत हा मुलगा दिसला नसता आणि त्याला योग्य उपचारही मिळाले नसते.

२०१९ च्या अहवालानुसार अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला दाखल होऊन उपचार मिळालेले असतात. उंबरठ्यापर्यंत आलेल्या रुग्णाची नोंदही चुकत असेल, तर सोयी कोठे व किती हव्यात हे शासनास कसे कळावे?

म्हणून आम्ही अशा रुग्णांची स्वतंत्र व गोपनीय नोंद ठेवू लागलो आहोत. मोजणीसाठी नाव लागत नाही; वय, पदार्थ व कालावधी पुरेसा असतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार व्यसनाच्या रुग्णासही गोपनीयतेचा हक्क आहे. नातेवाइकांना आमची कळकळीची विनंती आहे की, डॉक्टरांपासून काही लपवू नये. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावरही विनामूल्य मार्गदर्शन मिळते. तो तरुण आज नांदेडच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नियमित जातो. त्याच्या चौथ्या केसपेपरवर खरे कारण लिहिलेले आहे, आणि ते त्याच्या वडिलांच्या संमतीने लिहिले गेले, याचे आम्हांस समाधान वाटते.