मुळे जिवंत, पण वृक्ष नाही



अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत चेस्टनट हा एके काळी वनांचा राजा होता. डोंगरातील गरीब कुटुंबे त्याची गोड फळे वेचून विकत, त्यांवर आपली डुकरे पोसत. लाकूड सहसा कुजत नसे, म्हणून घरे, कुंपणे आणि रेल्वेचे स्लीपर त्याचेच होत.

१९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील चेस्टनट वाळताना दिसले. कारण होते एक बुरशी. बागांसाठी पूर्व आशियातून आणलेल्या चेस्टनटच्या रोपांबरोबर ती आली होती. तिकडची झाडे तिच्या सहवासात वाढलेली, म्हणून तग धरत. अमेरिकेतील झाडाला तिची ओळखच नव्हती. सालीच्या जखमेतून ती आत शिरते, सालीखालचा जिवंत थर मारत खोडाला वेढते आणि वरचा भाग वाळतो. वारा, पाऊस, कीटक व पक्षी तिचा प्रसार करतात. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ मध्ये आयोग नेमून रोगट झाडे तोडली, तरी साथ थांबली नाही. सुमारे ५० वर्षांत ३०० ते ४०० कोटी झाडे नष्ट झाली, असा अंदाज आहे.

मात्र मातीतील सूक्ष्मजीवांमुळे मुळे वाचतात. जुन्या बुंध्यांना आजही धुमारे फुटतात. पण बहुतेक धुमारे फुलाफळाला येण्याआधीच बुरशीला बळी पडतात. बीजातील शक्यता आणि प्रत्यक्षातील वृक्ष यांत अ‍ॅरिस्टॉटल भेद करतो. येथे शक्यता जिवंत आहे, पूर्णत्व मात्र हरवले आहे.

यात दोष कोणाचा? रोपे आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु चांगल्या हेतूला विवेकाची जोड नसेल, तर अनर्थ टळत नाही. अमेरिकेने वनस्पतींच्या आयातीवर कायदा केला तो १९१२ मध्ये; तोवर बुरशी रानोमाळ पसरली होती.

हा धडा आपल्यासाठीही आहे. आपल्या अनेकांचे नातलग परदेशी असतात. येताना हौसेने एखादे रोप, फांदी वा बियाणे सामानात येते. भारतात २००३ च्या आदेशानुसार त्यासाठी परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. तो नियम जाचक वाटला, तरी तो आपल्या वाड्यांचा कुंपणाचा गडगा आहे, असे आम्हाला वाटते.

चिंतनासाठी :
१. आपल्या वाडीत बाहेरून आलेले रोप निरोगी आहे, याची खात्री आपण करतो का?
२. केवळ हेतू चांगला म्हणून आपण कोणते परिणाम नजरेआड करतो?