मिनीव्हॅनचे स्पार्क प्लग घरी बदलताना



सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात अचूक वेळी ठिणगी पाडणे, एवढेच स्पार्क प्लगचे काम. मधला इलेक्ट्रोड आणि बाजूचा इलेक्ट्रोड यांत जेमतेम एक मिलिमीटरची फट असते, आणि ती ओलांडण्यासाठी कॉइलला हजारो व्होल्टची वीज द्यावी लागते. प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचा धातू किंचित खाते. ताशी ५० मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर एक प्लग मैलामागे १,२०० वेळा पेटतो. १,२०,००० मैलांत हा हिशेब १४ कोटी ४० लाखांवर जातो. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, इरिडियम २,४४६ अंशांना. आजच्या बऱ्याच प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडचे टोक इरिडियमचे असते ते यामुळेच, आणि टोयोटाने आपल्या व्ही-६ सिएना मिनीव्हॅनसाठी प्लगची मुदत १,२०,००० मैल सांगितली आहे तीही यामुळेच.

अमेरिकेत मिनीव्हॅनची लाट आणली ती क्रायस्लरने, १९८४च्या मॉडेलपासून. पुढची चाके चालवणारे इंजिन आडवे बसवले, त्यामुळे बॉनेट आखूड झाले आणि सात माणसांना आत जागा मिळाली. आजी-आजोबा भारतातून आले की सगळे कुटुंब एकाच गाडीत मावते, ही सोय तिथून आली. पण आडव्या बसवलेल्या व्ही-६ इंजिनाचे तीन सिलिंडर पुढे, ग्रिलच्या बाजूला येतात आणि तीन मागे, केबिनच्या पत्र्याला म्हणजे फायरवॉलला चिकटून. पुढचे तीन प्लग उघड्यावर असतात. मागचे तीन वायपरखालच्या पट्टीच्या आड आणि हवा वाटून देणाऱ्या मोठ्या इनटेक चेंबरच्या खाली दडलेले असतात. या कामाची सगळी अडचण मागच्या तिघांत आहे. होंडा ओडिसीच्या साडेतीन लिटर इंजिनात चेंबर न काढताही मागे हात पोचतो, क्रायस्लरच्या ३.६ लिटर इंजिनात वरचा चेंबर काढावाच लागतो. पुढे जे सांगितले आहे ते २००७ ते २०१६ या मॉडेल-वर्षांच्या व्ही-६ सिएनाला धरून आहे.

प्लग थकले की गाडी चढावर मिसिंग करते, पिकअप मंदावतो, पेट्रोल जास्त लागते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. कोड रीडर लावला की पी-०३०१ ते पी-०३०६ यांपैकी एखादा कोड दिसतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. सिएनात १, ३, ५ मागच्या रांगेत आणि २, ४, ६ पुढच्या. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर प्लगवर आळ घेण्याआधी कॉइल तपासावी. पुढच्या रांगेतल्या दोन कॉइलची अदलाबदल केल्यावर कोडही जागा बदलत असेल, तर दोष कॉइलचा. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी चालवू नये. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग निकामी होतो.

प्लग गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच घ्यावेत, आणि डीलरच्या काउंटरवरून किंवा ओळखीच्या पार्ट्सच्या दुकानातून घ्यावेत. नामांकित प्लगच्या हुबेहूब नकला ऑनलाइन बाजारात विकल्या जातात. सहाही प्लग एकदम बदलावेत. पुढचे तीन बदलून मागचे ‘पुढच्या वेळी’ म्हणून ठेवण्यात काटकसर नाही, कारण मागचेही तितकेच झिजलेले असतात. इनटेक चेंबरची नवी गॅस्केटही आधीच आणून ठेवावी. हत्यारांत १६ मिलिमीटरचा, आत रबर किंवा चुंबक असलेला प्लग सॉकेट, लांब-आखूड एक्स्टेन्शन, रॅचेट, १० मिलिमीटरचा सॉकेट आणि टॉर्क पाना लागतो. टॉर्क पाना उसना मिळाला तरी चालेल. अंदाजावर मात्र काम करू नये.

काम सुरू करायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे आणि प्लगचे अंग पोलादाचे असते. हेड गरम असताना प्लग फिरवला तर मऊ ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर सोलून येतात. या कामातले बाकी सगळे विकत मिळते: कॉइल मिळते, गॅस्केट मिळते, तुटलेली क्लिपही मिळते. हेडमधला आटा मिळत नाही. तो गेला तर तिथे नव्या आट्याची धातूची गुंडाळी बसवावी लागते, नाहीतर हेडच उतरवावे लागते, आणि प्लग बदलण्यात वाचवलेले पैसे कितीतरी पटींनी बाहेर जातात. म्हणून प्लग काढण्या-बसवण्याच्या खालच्या सूचना मुख्यतः आटे जपण्यासाठीच आहेत.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. इंजिनावरचे प्लास्टिकचे झाकण काढले की पुढच्या तीन कॉइल दिसतात. कनेक्टरची खिटी दाबून तो सोडवावा. जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, तेव्हा वायर धरून ओढू नये. १० मिलिमीटरचा बोल्ट काढावा आणि कॉइल किंचित डावी-उजवीकडे फिरवत वर ओढावी. प्लग काढण्याआधी त्या खोल विहिरीत हवेचा फवारा मारून धूळ आणि खडे उडवावेत, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये पडतात. मग सॉकेट सरळ बसवून प्लग सैल करावा. तो अडला तर जोर वाढवू नये. पाव फेरा सैल, थोडा परत आत, आट्यांवर झिरपणाऱ्या तेलाचे दोन थेंब, थोडी वाट, पुन्हा पाव फेरा, अशा गतीने काढावा.

मागच्या रांगेसाठी वायपरचे दोन्ही हात, त्यांखालची प्लास्टिकची पट्टी, वायपरची मोटर आणि तिच्याखालचा पत्रा, या क्रमाने जागा मोकळी करावी लागते. प्रत्येक टप्प्याचा फोनवर फोटो घ्यावा आणि प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या वाटीत ठेवून वर नाव लिहावे. त्यानंतर इनटेक चेंबर. त्याला जोडलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्यांवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात. चेंबरला मागून आधार देणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपून सोडवावे लागतात, आणि अर्धा वेळ तिथेच जातो. थ्रॉटल बॉडीला कूलंटच्या नळ्या येतात. त्या न सोडता तो भाग बाजूला सरकवता आला तर उत्तम. चेंबर उचलला की खाली इंजिनात जाणारी सहा उघडी तोंडे दिसतात. ती ताबडतोब स्वच्छ फडक्यांनी झाकावीत आणि फडकी मोजून ठेवावीत. तिथून एक वायसर आत गेला तर साधे काम इंजिन उघडण्यावर जाते.

नवा प्लग बसवताना रॅचेटला हातही लावू नये. सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोटांत धरून, किंवा प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवून, प्लग विहिरीत अलगद सोडावा आणि फिरवावा. आटे सरळ लागले असतील तर तो बोटांच्या बळावर बराच खाली जातो. आटे तिरके लागले तर रबरी नळी प्लगवर नुसती घसरते. त्याच क्षणी उलटे फिरवून प्लग बाहेर काढावा आणि पुन्हा सुरुवात करावी. बूड टेकले की टॉर्क पाना घ्यावा आणि त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा लावावा. या मापाच्या प्लगसाठी तो साधारण १८ ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाच्या बेताच्या जोराएवढा. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ लावण्याची सवय अनेक जुन्या मेकॅनिकांना आहे. आजच्या प्लगच्या आट्यांवर मुळातच मुलामा असतो. वर वंगण लावले की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो आणि आटे ताणले जातात. प्लग बनवणाऱ्या कंपन्याच ते नको म्हणतात.

फट कारखान्यातच बसवलेली येते. तारेच्या गेजने ती बघायला हरकत नाही, १.१ मिलिमीटरच्या आसपास भरते. पण नाण्यासारखा गोल गेज फटीत घुसवला तर इरिडियमचे बारीक टोक मोडते. हातातून खाली पडलेला प्लग बाजूला ठेवून दुसरा आणावा. चिनी मातीला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.

काढलेले प्लग टाकून देण्याआधी सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडावेत. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येते. ओलसर, तेलकट काळे म्हणजे इंजिन ऑइल ज्वलनकक्षात उतरते आहे. पांढरेफटक, फोड आलेले टोक म्हणजे तो सिलिंडर फार तापतो. सहापैकी एकच वेगळा निघाला तर त्या सिलिंडरची चौकशी नव्या प्लगने संपत नाही. गॅरेजमध्ये दिलेल्या गाडीचे जुने प्लग मालकाला सहसा पाहायला मिळत नाहीत. घरी काम करण्याचा खरा लाभ पैशांपेक्षा या तपासणीत आहे.

जोडणी उलट्या क्रमाने. फडकी मोजून काढावीत, नवी गॅस्केट बसवावी, चेंबरचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने थोडे थोडे आवळावेत. गाडी सुरू केल्यावर इंजिनाचे फेरे चढेच राहिले किंवा सुस्कारा ऐकू आला, तर कुठली तरी व्हॅक्यूमची नळी राहिली आहे. आधी घेतलेले फोटो बघावेत. बॅटरी सोडल्यामुळे काही गाड्यांत आपोआप बंद होणाऱ्या काचा आणि सरकते दरवाजे पुन्हा शिकवावे लागतात. त्याची रीत मालकाच्या पुस्तिकेत असते.

पहिल्यांदा करणाऱ्याने यासाठी अख्खा शनिवार मोकळा ठेवावा, आणि ऐन वेळी लागणारा भाग आणायला दारात दुसरी गाडी किंवा मदतीला शेजारी असावा. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई असेल तर मित्राचे गॅरेज गाठावे. सोमवारी कामावर जायला तीच एक गाडी असेल आणि मोकळा दिवस मिळत नसेल, तर हे काम चांगल्या मेकॅनिककडे द्यावे आणि जुने सहा प्लग नंबर घालून परत मागून घ्यावेत.