मोराचा क्यू

नऊ हजार रुपये मोजून मी एक मोर विकत घेतला. तसा घ्यायला गेलो होतो पूलचा क्यू. पण दुकानात काळ्याभोर, चकचकीत बटवरचा, म्हणजे मुठीकडच्या जाड भागावरचा, निळा-हिरवा पिसारा दिसला आणि नजर तिथेच अडकली. ‘‘शिंपल्याचं जडावकाम आहे साहेब, हाताचं,’’ विक्रेता म्हणाला. मी जाणकारासारखी मान डोलावली.

संध्याकाळी डेक्कनजवळच्या पार्लरमध्ये पेटी उघडली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा खेळ थांबला. चार-पाच जणांनी क्यू हातात घेऊन पाहिला. मग मी ब्रेक केला. चिरलेल्या मडक्यावर टिचकी मारली की येतो, तसा बद्द आवाज आला.

सरळ शॉट बरे जायचे, साइड दिली की घोळ. पांढऱ्या बॉलला डाव्या अंगाला मारलं तर तो निघतानाच किंचित उजवीकडे सरकतो. हे कुठल्याही क्यूने होतं. किती सरकेल ते ठरतं क्यूच्या टोकाकडच्या काही इंचांतल्या वजनावर. माझ्या क्यूचं फेरूल, म्हणजे टिपेखालची पांढरी टोपी, जाड आणि जड होतं. लांबचा बॉल पॉकेटऐवजी कुशनवर जाऊन आपटायचा. दोन महिने मी स्वतःच्या कोपराला दोष दिला. उभं राहण्याची पद्धत बदलली, चष्म्याचा नंबरही तपासून आणला.

शेवटी पार्लरमधल्या मार्करकाकांनी क्यू मागून घेतला. मोराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आटे फिरवून क्यू उघडला, बट खुर्चीवर ठेवली आणि पुढची काठी, शाफ्ट, तेवढी टेबलावर लाटण्यासारखी फिरवली. टिप टुणटुण वर-खाली व्हायला लागली. ‘‘वाकलाय. आणि बॉलला मोर कुठं दिसतो, साहेब?’’

टिप बॉलला टेकते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ, आणि टेकते फक्त टिपच. तिच्यामागे असतात फेरूल आणि शाफ्ट. मी पैसे मोजले होते त्याच्याही मागच्या अर्ध्या भागाचे. घरी येऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोर मोठा करून पाहिला, तर पिसाऱ्यात छापील ठिपके दिसले, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीत दिसतात तसे. लाखेच्या पारदर्शक थराखाली चक्क स्टिकर होता.

यातून शहाणा झालो म्हणावं, तर दुसरा क्यू पितळी कड्यांचा घेतला. त्यातलं जडावकाम खरं होतं, पण वजन सहाशे ग्रॅमच्या पुढे. पूलचा क्यू साधारण ५८ इंचांचा आणि १८ ते २१ औंसांचा, म्हणजे पाचशेदहा ते सहाशे ग्रॅमचा असतो. हलक्या हाताने बॉल थांबवायला गेलो की तो फूटभर पुढेच. खांदा दुखायला लागला तसा तोही विकून टाकला.

स्नूकरवाले या बाबतीत सोज्ज्वळ. त्यांचे क्यू बहुधा अ‍ॅशचे, लाकडाच्या रेषा उघड्या दिसणारे, नटवेपणा मुठीपुरता. जडावाची हौस अमेरिकन पूलची. मात्र शहाणपण म्हणून स्नूकरचाच क्यू पूलला वापरू नका. त्याची टिप नऊ-दहा मिलिमीटरची आणि पूलचा बॉल स्नूकरच्या बॉलपेक्षा मोठा नि जड. पूलला बारा-तेरा मिलिमीटरची टिप बरी.

आता कुणी क्यू दाखवला की मी बट झाकायला सांगतो. शाफ्ट मेपलचा आहे का, त्याच्या रेषा टोकापर्यंत सरळ धावतात का, हे पाहतो. अख्खा क्यू टेबलावर फिरवताना मधे थोडी फट दिसली तर घाबरत नाही, तो निमुळतेपणाचा परिणाम असू शकतो. टिप उडाली मात्र की क्यू परत. टिप चामड्याची, शाफ्टच्या कडेबाहेर न आलेली हवी, नखाने दाबून पाहावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदाराला राग आला तरी चालेल, दहा शॉट साइड देऊन मारून बघायचे. नुसते सरळ मारले तर वाईट क्यूसुद्धा गोड वाटतो.

जुलै-ऑगस्टमध्ये लाखेचा चकचकीत शाफ्ट घामेजल्या बोटांना चिकटतो, तेव्हा पातळ हातमोजा घालावा. क्यू गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नये, भिंतीला तिरका टेकवून तर नाहीच.

मोराला नवा शाफ्ट बसवून घ्यावा, असं मध्यंतरी डोक्यात आलं. तिथे आणखी एक गोष्ट कळली. जोडाच्या खिळीचे आटे ठरावीक मापांचे असतात, ते जुळले तर दुसरा शाफ्ट बसतो. माझ्या क्यूचे आटे कुठल्याच मापात नव्हते. तीन दुकानं झाली. चौथ्या दुकानदाराने खिळी पाहिली, मग मोर पाहिला आणि विचारलं, ‘‘असलाच आणखी एक मिळेल का हो?’’