घाऊक सवलत : बचत की बोजा?



“जास्त माल उचला, स्वस्त पडेल” हे व्यापाऱ्याचे बोलणे आपण नेहमी ऐकतो. ते खोटे नसते, पण अपुरे असते. छोट्या दुकानदाराचे भांडवल तुटपुंजे. ते मालात अडकले की रोजच्या गरजेसाठी व्याजाने पैसे काढावे लागतात. म्हणून आधी हिशेब मांडावा.

मालाच्या किमतीखेरीज दोन खर्च असतात.

१) खेपेचा खर्च : जाणे-येणे, चौकशी, बुडालेली रोजी. खेपा कमी झाल्या की हा घटतो.

२) साठवणीचा खर्च : गुंतलेल्या पैशावरील व्याज, जागाभाडे, ओल-उंदरांमुळे होणारी नासाडी. साठा वाढला की हा वाढतो.

हमाली नगावर असेल तर दोन्हीकडे सारखीच. ती धरू नये.

उदाहरण : समजा, वर्षभर सारख्या गतीने साबणाची १,२०० खोकी खपतात. दर २०० रुपये, खेपेचा खर्च २४० रुपये. साठवण वर्षाला किमतीच्या २० टक्के (व्याज १२, इतर ८), म्हणजे खोक्यामागे ४० रुपये.

अमेरिकन अभियंता फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेली रीत अशी : वार्षिक खप व खेपेचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी, तिला एका नगाच्या वार्षिक साठवणखर्चाने भागावे व वर्गमूळ काढावे. येथे १४,४०० चे वर्गमूळ १२०. म्हणजे दर खेपेस १२० खोकी, वर्षात १० खेपा. खेपांचा खर्च २,४०० रुपये. सरासरी साठा ६०, त्याची साठवण २,४००. एकूण ४,८०० रुपये.

आता एकदम ६०० खोक्यांवर २ टक्के सूट मिळाली, तर किमतीत वर्षाला ४,८०० रुपये वाचतात. परंतु सरासरी साठा ३०० होतो. साठवण ११,७६० व दोन खेपांचे ४८० मिळून १२,२४० रुपये. खर्चातील वाढ ७,४४०. निव्वळ तोटा २,६४० रुपये.

सूट ५ टक्के असल्यास बचत १२,००० व खर्चातील वाढ ७,०८०; फायदा ४,९२० रुपये. मात्र भांडवल सावकाराकडून दरमहा ३ टक्क्यांनी आणलेले असेल, तर साठवण ४४ टक्क्यांवर जाते आणि हीच सूट सहा हजारांहून अधिक तोट्यात नेते.

तात्पर्य, सूट किती मिळाली एवढेच पाहू नये. पैसा कोणाचा, किती व्याजाचा आणि किती दिवस अडकणार, हे कागदावर मांडूनच सौदा करावा.