भिंगाचा बाक प्रकाशाने कसा मोजतात?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, ‘दुर्बिणीच्या भिंगाचा बाक बरोबर आहे हे कसं कळतं?’ असं मुलांनी विचारलं तर काय सांगाल? इथे फूटपट्टी कामाची नाही. चूक केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही लहान असू शकते. म्हणून प्रकाशाची तरंगलांबी हीच मोजपट्टी करतात.

सपाट काचेवर बहिर्वक्र भिंग ठेवा. मध्ये दोन्ही टेकतात, कडेकडे हवेची फट वाढत जाते. वरून सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश पाडला की भिंगाच्या खालच्या आणि काचेच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात. कुठे ते एकमेकांना बळ देतात, कुठे नाहीसे करतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. त्यातून दिसतात ती न्यूटनची वलये.

आता गणित बघा. एका काळ्या वलयाकडून पुढच्या काळ्या वलयाकडे जाताना फट अर्ध्या तरंगलांबीने वाढते. सोडियमची तरंगलांबी सुमारे 589 नॅनोमीटर, म्हणजे फट वाढली साधारण 295 नॅनोमीटर! वक्रता त्रिज्येचं सूत्रही सोपं आहे: वलयाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले (वलय क्रमांक गुणिले तरंगलांबी). दहाव्या काळ्या वलयाची त्रिज्या 2.43 मिलिमीटर भरली, तर वक्रता त्रिज्या सुमारे 1 मीटर येते. मुलांकडून हे करून घ्याच.

वलये गोल असतील तर बाक सगळीकडे सारखा. एखादं वलय वेडंवाकडं झालं तर तिथे उंचवटा किंवा खड्डा आहे. कारखान्यात हेच काम इंटरफेरोमीटर लेझर वापरून करतो.

पण मोजणारं साधनच चुकलं तर? हबल दुर्बिणीचा 2.4 मीटरचा आरसा असाच तपासला होता. तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग 1.3 मिलिमीटर सरकलेलं होतं. त्यामुळे पट्टे अगदी छान दिसले, आणि आरशाची कड मात्र सुमारे 2.2 मायक्रोमीटर जास्त सपाट घासली गेली. दुसऱ्या एका साधनाने दोष दाखवलाही होता. ते कमी अचूक म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष झालं. 1990 मध्ये अवकाशातून धूसर चित्रं आली. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन दुरुस्ती केली.

म्हणून प्रयोगवहीत दोन पद्धतींची उत्तरं जुळली नाहीत, तर मुलांना एक उत्तर खोडायला सांगू नका. फरक का आला, ते आधी शोधायला लावा.