निर्वासितांचे पुनर्वसन : नाती आणि शाळा

कल्याण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बसवकल्याणच येते. प्रस्तुत लेखातील कल्याण मात्र ठाणे जिल्ह्यातील आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तेथे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या छावणीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. पंजाब व बंगाल यांची वाटणी झाली. सिंध मात्र सबंध पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी माणसाला भारतात स्वतःच्या भाषेचा प्रांतच उरला नाही.

अशी माणसे पुन्हा उभी कशी राहिली? सरकारने छप्पर व शिधा दिला, हे खरे. पण उधारी, कामधंद्याची माहिती, सोयरीक या गोष्टी सरकारी कचेरीत मिळत नाहीत. त्या नात्यागोत्यातून मिळतात. सिंधी पंचायतींनी हे बंध सांभाळले. तथापि नात्याचा आधार माणसाला आपल्याच माणसांपर्यंत नेतो. परक्या समाजाचे दार शाळेने उघडले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली मुंबईत जय हिंद कॉलेज काढले. खुद्द उल्हासनगरात १९६५ साली महाविद्यालय आले. सिंधी मुले इतर भाषिक मुलांच्या शेजारी बसून शिकली.

याची किंमतही द्यावी लागली. १९६७ साली सिंधीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण व्यवहाराची ओढ इंग्रजीकडे राहिली आणि सिंधी माध्यमाच्या शाळा ओस पडू लागल्या. आपल्याच राज्यातील तिबेटी निर्वासितांची गोष्ट निराळी आहे. बैलकुप्पे येथे १९६० साली व मुंडगोड येथे १९६६ साली त्यांच्या वसाहती झाल्या. तिबेटी मुलांच्या शाळांसाठी केंद्र सरकारने १९६१ सालीच स्वतंत्र संस्था स्थापन केली. तेथे भाषा टिकली, पण वस्ती वेगळी राहिली.

विद्यार्थी मित्रहो, घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या सीमाभागाला हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. माझ्या मते घरची भाषा मुलाला आजी-आजोबांशी जोडते, गावची भाषा शेजाऱ्याशी. यांपैकी एकच निवड, असे शाळेने मुलाला सांगू नये. बाहेरून आलेल्या कुटुंबाचे मूल उद्या आपल्या वर्गात आले, तर त्याला बाकावर जागा करून देणे आणि त्याची भाषा न हसता ऐकणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.